परभणीच्या बाजारांतील गाणें

करमणुकीच्या वस्तु विकणारें दुकान हें बाजारपेठेचें कायमचें अंग आहे अशी आपली समजूत असते; आणि म्हणूनच असें दुकान बंद झालें म्हणजे एखादी पुरातन संस्था कोसळल्याप्रमाणें आपण हळहळतों. निदान परभणी जिल्ह्यापुरती तरी ही समजूत इतिहासाच्या कसोटीस उतरत नाहीं. येथें गाणें शेंकडों वर्षें नांदलें. परंतु तें सामान्य माणसास दुकानांत विकत मिळूं लागलें आणि पुढें मिळेनासें झालें, हा सारा व्यवहार एका माणसाच्या आयुष्यांत सहज मावण्याजोगा आहे.

गंगाखेड हें संत जनाबाईचें गांव. तिचें नांव घेऊन जात्यावर ज्या ओव्या गाइल्या गेल्या, त्यांचें मोल कोणीं दिलें नाहीं व मागितलेंहि नाहीं. कीर्तनकारास व गोंधळ्यास बिदागी मिळे. पण ती गाणाराची, गाण्याची नव्हे. करमणुकीवर पैसा खर्च व्हावयाचा तो जत्रेंत, उरुसांत किंवा तमाशाच्या तंबूंत. परभणीस हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस फेब्रुवारींत भरतो. दुकानें येतात, आणि उरूस संपला म्हणजे उठून जातात. फिरतें दुकान हीच येथील जुनी रीत होय.

विसाव्या शतकाच्या आरंभीं हैदराबाद-मनमाड रेल्वे झाली व बाहेरच्या मालास वाट मिळाली. त्याच सुमारास, १९०२ सालीं, ग्रामोफोन कंपनीनें कलकत्त्यास गाणीं मुद्रित करण्यास आरंभ केला. परंतु ग्रामोफोन ही चैनीची वस्तु. खेड्यांतील माणसानें तबकडी ऐकली ती बहुधा लग्नमंडपांतील कर्ण्यांतून. ती विकत घेणारा तो नव्हे, तर कर्णा भाड्यानें देणारा. १९४८ सालीं निजामाची राजवट संपली, १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, पुढें परभणीस आकाशवाणीचें केंद्रहि आलें. पण रेडिओ लावील तेंच ऐकावें लागे. आपल्या आवडीचें गाणें आपल्या मर्जीनें ऐकणें ही गरिबाच्या आवांक्यांतील गोष्ट नव्हती.

ती आवांक्यांत आणिली कॅसेटनें. फिलिप्स कंपनीनें ती १९६३ सालीं प्रथम दाखविली. आपल्याकडे तिचा प्रसार १९८० नंतरच्या दशकांत झाला. टी-सीरीजसारख्या नव्या कंपन्यांनीं किंमत उतरविली आणि एका कंपनीची जुनी मक्तेदारी मोडली. उत्तर भारतांतील या घडामोडीवर पीटर मॅन्युएल यांनीं १९९३ सालीं एक ग्रंथ लिहिला. मुद्रणाचा खर्च उतरतांच प्रांतोप्रांतींच्या लहान गायकांस वाव मिळाला, हा त्यांचा मुद्दा महाराष्ट्रासहि लागू पडतो. वामनदादा कर्डकांचीं गीतें आणि प्रल्हाद शिंद्यांचा आवाज घरोघर पोंचला, त्यांत कॅसेटचा वांटा मोठा आहे.

दुकानाचा खरा उपयोग याच काळांत दिसून आला. गिऱ्हाइकानें गाण्यांची यादी आणावी आणि दुकानदारानें कोरी कॅसेट ‘भरून’ द्यावी. एका बाजूस अर्धा तास. त्यांत काय बसेल व काय गाळावें, हें तोच सांगे. कायद्याच्या दृष्टीनें हा व्यवहार निर्दोष नव्हता; १९५७ च्या कायद्यांत १९८४ सालीं दुरुस्ती करून शिक्षा वाढविण्यांत आली ती अशाच नकलांस आळा घालण्यासाठीं. परंतु दुकानांत लावलेलें गाणें न घेणाराच्या कानींहि पडे, आणि गांवास कोणतें गाणें रुचतें हें दुकानदारास पाठ असे.

पुढचा क्रम झपाट्याचा आहे. कॅसेट जाऊन तबकडी आली. तबकडी मागें पडून मोबाइलचें मेमरी कार्ड आलें. तेंहि दुकानदार ‘भरून’च देई, शब्द तोच राहिला. २०१६ च्या सप्टेंबरांत जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झालें आणि भरून घेण्याची गरजच उरली नाहीं. मुंबईचें १९४८ पासूनचें ‘ऱ्हिदम हाउस’ त्याच वर्षाच्या फेब्रुवारीअखेर बंद झालें होतें. लंडनमध्यें १९२१ पासून दुकान चालविणाऱ्या एच. एम. व्ही. वरहि २०१३ व २०१८ सालीं कारभार प्रशासकांच्या स्वाधीन करण्याची पाळी आली. आज बाजारांत गाणें विकत नाहींत; गाणें ज्यावरून येतें त्या मोबाइलचें रिचार्ज विकतात.

यांत सारेंच नुकसान आहे असें आम्हांस वाटत नाहीं. पालम किंवा सोनपेठ तालुक्यांतील बाईस एका गाण्यासाठीं आतां परभणीची एस. टी. पकडावी लागत नाहीं, आणि दुकानदारापाशीं नाहीं म्हणून गाणें अडत नाहीं. वस्तु पुरविण्याचें दुकानाचें काम संपलें, तें अधिक चांगल्या रीतीनें दुसरीकडे होत आहे. हें मान्य केलेंच पाहिजे.

परंतु इतिहासाच्या अध्यापकास दुसरी एक काळजी वाटते. जात्यावरच्या ओव्या कधीं विकल्या गेल्या नाहींत; तरी हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांच्या प्रयत्नानें लाखाहून अधिक ओव्या टिपल्या गेल्या, आणि २०१७ पासून त्या ‘परी’ या संग्रहांतून सर्वांस खुल्या होऊं लागल्या आहेत. परभणी जिल्ह्यांतील ओव्याहि त्यांत आहेत. उलट, बाजारांत विकलें गेलेलें लहान गायकाचें गाणें सांभाळणारा कोणी नाहीं. विकलें तें टिकलें, ही समजूत येथें खोटी ठरते. डबींतल्या कागदावर गायक, कवि, कंपनी व किंमत छापलेली असे; तोच गाण्याचा जन्मदाखला. इंटरनेटवर फिरणाऱ्या गाण्यास पुष्कळदां तो नसतो. फीत तर उष्म्यानें व बुरशीनें खराब होते. तिला थांबावयास वेळ नाहीं.

दुकानें पुन्हां उघडावींत अशी मागणी करणें व्यर्थ आहे. पण माळ्यावर पडलेल्या कॅसेटी, त्यांतील कागद आणि जुन्या दुकानदारांच्या आठवणी महाविद्यालयांच्या ग्रंथालयांनीं जमा करावयास कोणाची आडकाठी आहे? मोडींतील एखादें दानपत्र सांपडलें तर आपण तें जपून ठेवतों. परभणीच्या गरीब माणसानें स्वतःच्या पैशानें प्रथमच विकत घेतलेलें गाणें त्या दानपत्राहून कमी मोलाचें साधन आहे, असें आम्हीं तरी मानीत नाहीं.