मोसम खोऱ्यातील फड : पाणी वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि बादशहा उभे राहतात. परीक्षेतील प्रश्नही बहुधा त्यांच्यावरच असतात. परंतु ज्याने सारा भरला म्हणून किल्ले उभे राहिले, त्या शेतकऱ्याचा इतिहास आपण क्वचितच वाचतो. म्हणून आपल्याच नाशिक जिल्ह्यातील एका लहानशा शेतकरी समाजाची हकीकत येथे थोडक्यात देत आहे.

मालेगावातील मोसम पुलावरून आपण सर्वजण जातो-येतो. ही मोसम नदी बागलाणच्या डोंगरात उगम पावते; मुल्हेर, जायखेडा, नामपूर या भागातून वाहत येते आणि मालेगावजवळ गिरणेस मिळते. सुरतेहून बुऱ्हाणपुरास जाणारा जुना व्यापारी मार्ग याच मुलखातून होता. अकबर बादशहाच्या काळातील ‘आइन-ए-अकबरी’ या ग्रंथात बागलाणची द्राक्षे व डाळिंबे यांचा आवर्जून उल्लेख आहे. १६३८ साली हा प्रदेश बागुल राजांकडून मोगलांकडे गेला, पुढे मराठ्यांकडे व त्यानंतर इंग्रजांकडे आला. पूर्वी खानदेशात असलेला हा भाग १८६९ साली स्थापन झालेल्या नाशिक जिल्ह्यात आला. राज्ये बदलली, पण नदीकाठचा एक रिवाज मात्र टिकून राहिला. तो म्हणजे फड पद्धती.

ही पद्धत समजण्यास सोपी आहे. नदीवर दगडी बंधारा घालावयाचा, त्याच्या एका अंगाने पाट काढावयाचा व पाटाखालील जमिनीचे तीन-चार मोठे भाग करावयाचे. या प्रत्येक भागास ‘फड’ म्हणतात. एका फडात एका वर्षी सर्वांनी मिळून एकच पीक घ्यावयाचे. एका फडात ऊस असेल, तर दुसऱ्यात गहू किंवा हरभरा. पुढील वर्षी पिकांची अदलाबदल होई, त्यामुळे जमिनीचा कसही टिकत असे. प्रत्येक शेतकऱ्याची थोडीथोडी जमीन बहुधा प्रत्येक फडात असे. त्यामुळे ऊस एकाच्या वाट्यास आणि कोरडे पीक दुसऱ्याच्या, असे होत नसे. ज्या वर्षी नदीस पाणी कमी, त्या वर्षी पंच मिळून भिजवावयाचे क्षेत्रच कमी करीत. तोटा झाला तरी तो सर्वांत वाटला जाई.

कारभार गावकऱ्यांच्या पंचांकडे असे. देखरेखीस हवालदार, पाणी सोडण्यास पाटकरी व राखणीस जागल्या. त्यांना मेहनताना बहुधा धान्याच्या रूपाने मिळे. पाटातील गाळ काढण्यास प्रत्येक घरातून माणूस जाई. येथे शब्दांकडेही लक्ष द्यावे. ‘बंधारा’ व ‘पाट’ हे शब्द या मातीतले, तर ‘हवालदार’ हा अरबी-फारसीतून आलेला. खानदेशातील जुन्या बंधाऱ्यांचे श्रेय लोकपरंपरा फारुकी सुलतानांच्या राजवटीस देते. ते काहीही असो. बंधारा कोणी का बांधला असेना, तो शेकडो वर्षे दुरुस्त ठेवला तो शेतकऱ्यांनीच. एकाच पाटावर दोन भाषांचे शब्द सुखाने नांदले, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगण्याजोगी आहे.

अर्थात या पद्धतीत उणिवा नव्हत्या असे नाही. पाण्याचा हक्क जमिनीस जोडलेला होता. ज्यास जमीन नाही, त्यास पाण्यात वाटा नाही. राबणाऱ्या मजुराचे नाव पंचांत नसे. हेही इतिहासात नोंदले पाहिजे.

विसाव्या शतकात चित्र पालटले. मोसमच्या उगमाकडे हरणबारीचे धरण झाले आणि नदीचा प्रवाह धरणाच्या दरवाजाच्या ताब्यात गेला. गावोगावी वीज आली, विहिरींवर पंप बसले. ज्याची विहीर त्याचे पाणी, असा हिशेब सुरू झाला. पंचांच्या सभेस जाण्याचे कारण उरले नाही. अनेक फड मोडले. काही ठिकाणी पाट उरले, पण पाळी गेली.

तरीही हा विचार पूर्णपणे नाहीसा झाला नाही. याच जिल्ह्यात, वाघाड धरणाच्या कालव्याच्या शेवटच्या टोकास असलेल्या ओझर येथील शेतकऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभी पाणीवापर संस्था काढल्या. त्यांना बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांचे मार्गदर्शन लाभले. पुढे धरणाच्या संपूर्ण लाभक्षेत्रात अशा संस्था झाल्या. २००५ साली महाराष्ट्र शासनाने शेतकऱ्यांकडे सिंचनाचे व्यवस्थापन सोपविण्याचा कायदाही केला. जे मोसमकाठी कायद्याविना चालत होते, त्यास कायद्याचा आधार मिळाला.

विद्यार्थी मित्रांनो, फडाचे नियम बहुतांशी तोंडीच चालत आले. पाण्याची पाळी कशी ठरे, भांडण कसे मिटे, गुन्हेगारास काय दंड होई, हे गावातील वृद्धांनाच ठाऊक आहे. पुढच्या सुटीत मामाच्या किंवा आजोळच्या गावी गेलात, तर एक वही बरोबर न्या आणि त्यांना विचारा. पालकांनीही मुलांस जुना बंधारा दाखवावा. किल्ल्याचा इतिहास ग्रंथांत सुरक्षित आहे; पाटाचा इतिहास मात्र माणसाबरोबर जातो. तो जाण्यापूर्वी लिहून ठेवणे हे शिकलेल्या मुलांचेच काम आहे.