मागच्या स्पीकरची गोष्ट: सराउंड स्पीकर घेण्याआधी थोडा इतिहास

आजचा भाग माझ्याच एका चुकीतून निघालाय, आणि ती चूक 18,000 रुपयांची आहे.

झालं असं की बाबा गेल्या वर्षी रिटायर झाले. गुडघ्यांमुळे मल्टिप्लेक्सच्या अंधारातल्या पायऱ्या त्यांना नकोशा होतात. म्हणून मी ठरवलं, घरच्या हॉलमध्येच 5.1 बसवायचं. रिसीव्हर, पुढचे तीन स्पीकर, सबवूफर, सगळं नीट जमलं. राहिले मागचे दोन, म्हणजे सराउंड. रात्र रात्र वाचलं. एक सल्ला पुन्हा पुन्हा दिसला: 'सराउंडला डायपोलच घ्या.' तो प्रमाण मानून एक सेकंडहँड जोडी उचलली, भिंतीला ड्रिल मारून टांगली. पहिला सिनेमा संपला आणि बाबा म्हणाले, "मागे काहीतरी वाजतंय रे, पण कुठे वाजतंय ते कळत नाही."

वायरी तपासल्या, सेटिंग तपासलं. सगळं बरोबर. स्पीकरही ठणठणीत. ते आपलं काम अगदी चोख करत होते. फक्त ते काम 1980 च्या दशकात नेमून दिलेलं होतं. हे समजायला मला बरंच मागे जावं लागलं. चला, तुम्हालाही नेतो.

साल 1940. न्यूयॉर्कचं ब्रॉडवे थिएटर. 13 नोव्हेंबरला डिस्नेचा 'फँटेशिया' तिथे लागला. डिस्ने आणि आरसीए यांनी त्यासाठी 'फँटासाउंड' नावाची यंत्रणा उभी केली होती. आवाजासाठी वेगळी फिल्म, तिच्यावर तीन ध्वनिपट आणि चौथा पट नुसता आवाजाची पातळी कमीजास्त करायला. पडद्यामागे स्पीकर होतेच, शिवाय प्रेक्षागृहातही होते. पण खर्च अफाट, त्यामुळे ती मोजक्याच शहरांत पोचली आणि महायुद्धाच्या धामधुमीत मागे पडली.

बारा वर्षांनी, 30 सप्टेंबर 1952 ला, त्याच थिएटरमध्ये 'धिस इज सिनेरामा' आला. तोपर्यंत अमेरिकेत टीव्ही घरोघरी शिरत होता, आणि लोकांना घराबाहेर काढायचं तर घरी मिळणार नाही असं काहीतरी द्यायला हवं होतं. सिनेरामात सात चुंबकीय ट्रॅक होते: पाच पडद्यामागे, दोन प्रेक्षकांच्या आजूबाजूला. पुढच्याच वर्षी 'द रोब' या चित्रपटाबरोबर सिनेमास्कोप आलं. त्यात चार ट्रॅक: डावा, मधला, उजवा आणि चौथा इफेक्ट्सचा. म्हणजे मागच्या स्पीकरांच्या वाट्याला एकच ट्रॅक, आणि तोही अरुंद. त्याची खरखर इतकी ऐकू यायची की इंजिनियरांनी त्या ट्रॅकवर 12 किलोहर्ट्झचा एक सूर टाकला. तो सूर असेल तेव्हाच मागचे स्पीकर चालू व्हायचे, एरवी गप्प. मला हे वाचून हसू आलं. आपण कोडमध्ये फ्लॅग टाकतो ना, अगदी तसंच, 1953 साली.

आपल्याकडे हा अनुभव बहुतेकांना दिला तो 'शोले'ने. 15 ऑगस्ट 1975. सिनेमा 35 एमएमवर चित्रित झाला, पण 70 एमएमच्या प्रिंट काढल्या, सोबत स्टिरिओफोनिक आवाज. मुंबईच्या मिनर्व्हामध्ये तो पाच वर्षं चालला. बाबांनी तो तिथेच पाहिला, कॉलेजात असताना, पुण्याहून खास मामाकडे जाऊन. नाणं उडवून खाली पडतं तेव्हा शेजारचा माणूस खुर्चीखाली वाकून बघत होता, हे ते अजूनही सांगतात. मला बाबांना द्यायचं होतं ते हे, बरं का. नुसता मोठा आवाज नाही, तर वाकून बघावंसं वाटणारा आवाज.

आता मुख्य वळण. चुंबकीय ट्रॅकच्या प्रिंट महाग पडायच्या. त्यावर तोडगा काढला रे डॉल्बी यांच्या कंपनीने. (हे डॉल्बी 1963 ते 1965 युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात होते. इथून गेल्यावर त्यांनी लंडनमध्ये कंपनी काढली.) 1970 च्या दशकाच्या मध्यात आलेल्या 'डॉल्बी स्टिरिओ'ने नेहमीच्या 35 एमएम प्रिंटवरच्या दोन ऑप्टिकल ट्रॅकमध्ये चार चॅनल गुंडाळून बसवले आणि थिएटरात ते पुन्हा उलगडले. 1977 च्या 'स्टार वॉर्स'नंतर थिएटरांनी ही यंत्रणा धडाधड बसवून घेतली.

पण चार गोष्टी दोन डब्यांत भरल्या की एकीचा वास दुसरीला लागतोच. मधल्या स्पीकरचे संवाद मागे झिरपायचे. म्हणून मागच्या चॅनलवर तीन बंधनं घातली गेली. तो एकच, म्हणजे मोनो. त्यातले साधारण 7 किलोहर्ट्झच्या वरचे सूर कापलेले. आणि तो मुद्दाम थोडा उशिरा वाजवायचा. उशीर का? तर जो आवाज आधी कानावर पडतो, त्याच दिशेने तो आला असं आपला मेंदू धरून चालतो. पुढून संवाद आधी आला की मागून झिरपलेला लक्षात येत नाही.

1982 मध्ये हीच पद्धत 'डॉल्बी सराउंड' नावाने घरात आली, आणि 1987 मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती, प्रो लॉजिक. आता अडचण बघा. थिएटरात तो एकच आवाज भिंतींवरच्या कितीतरी स्पीकरांतून येतो, त्यामुळे पसरलेला वाटतो. घरात स्पीकर दोनच. ते सरळ कानाकडे वळवले की तो कापलेला मोनो आवाज डोक्याला चिकटल्यासारखा वाटतो.

याचं उत्तर होतं डायपोल. 'टीएचएक्स' हे मानक 1983 मध्ये लुकासफिल्ममध्ये टॉमलिन्सन होल्मन यांनी थिएटरसाठी घडवलं. 1990 च्या सुमारास ते घरापर्यंत आलं, तेव्हा सराउंडसाठी त्यात डायपोल सुचवले होते. डायपोलच्या एकाच खोक्यात दोन बाजूंना स्पीकर असतात, एकमेकांच्या उलट जोडलेले. एक हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो. बरोबर मध्ये बसलेल्या माणसाकडे थेट जाणारा आवाज त्यामुळे जवळपास खोडला जातो, आणि भिंतींवर आपटून आलेलाच तेवढा ऐकू येतो. दिशा कळू नये हाच त्याचा हेतू! बाबांची तक्रार म्हणजे त्या स्पीकरला मिळालेलं प्रशस्तिपत्रक होतं.

मग हा सल्ला जुना कधी झाला? थिएटरात 1992 मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर डॉल्बी डिजिटल आलं, 1993 मध्ये 'ज्युरासिक पार्क'बरोबर डीटीएस. डावा आणि उजवा सराउंड वेगळे झाले, वरचे सूर परत मिळाले, झिरपणं संपलं. मागचा स्पीकर पुढच्यांच्या बरोबरीला बसला. 2012 च्या 'ब्रेव्ह'पासून आलेल्या अ‍ॅटमॉसमध्ये तर एखादा आवाज नेमका कुठे ठेवायचा याची जागाच नोंदवलेली असते. दिग्दर्शकाने ठरवलेली जागा डायपोल पुसून टाकतो. म्हणूनच अ‍ॅटमॉससाठी सरळ ऐकणाऱ्याकडे तोंड करणारे स्पीकर सुचवले जातात. अडचण 1992 मध्ये सुटली, पण तिच्यावरचा सल्ला तसाच फिरत राहिला आणि मी त्याला बळी पडलो.

त्यात आमचा हॉल. डावीकडे बाल्कनीचं सरकतं दार, उजवीकडे स्वयंपाकघराकडे जाणारी वाट. डायपोलला आपटायला भिंतच नाही! उजव्या बाजूचा अर्धा पाऊस आईच्या ओट्यावर पडत होता.

तर सराउंड घेताना मी आता हे बघेन. एक, साधे छोटे बुकशेल्फ स्पीकर, शक्यतो पुढच्यांच्याच मालिकेतले, म्हणजे आवाजाचा पोत बदलत नाही. दोन, मोठ्या खोक्यांचा हट्ट नको. साधारण 80 हर्ट्झच्या खालचे सूर कुठून येतात ते कानाला फारसं कळत नाही, ते सबवूफरकडे सोपवता येतात. तीन, जागा. समोरचा पडदा शून्य अंश धरला तर दोन्ही बाजूंना साधारण 110 अंशांवर, म्हणजे कानाच्या रेषेच्या जरासे मागे, कानाच्या उंचीवर किंवा थोडे वर. चार, सोफा भिंतीपासून पुढे ओढा. फूटभर जमलं तरी ओढा. डायपोल अगदी टाकाऊ असं म्हणत नाही. सोफा स्पीकरला चिकटूनच असेल, दोन्हीकडे पक्क्या भिंती असतील आणि बघायचे सिनेमे जुने असतील, तर आजही त्यांचा उपयोग होतो.

मी ती जोडी 11,000 ला विकली. घेणाऱ्याला त्याच्या खोलीत दोन्ही बाजूंना भिंती आहेत का, ते आधी विचारलं. स्टँडवर दोन छोटे स्पीकर ठेवले, सोफा दीड फूट पुढे घेतला. परवा एका सिनेमात मागे दार वाजलं आणि बाबा मान वळवून म्हणाले, "कोण आलंय बघ रे."

मी हसलो. तेही हसले. आणि मग लगेच म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, पण ही माणसं काय बोलतात ते नीट ऐकू येत नाही."

म्हणजे आता मधला स्पीकर. त्याची गोष्ट पुढच्या भागात. तोवर सोफा ओढून बघा, त्याला पैसे पडत नाहीत. भेटूया!