निःशब्द संगीत आणि सेन्सॉर : पोलंडमधल्या सिंथेसायझरची गोष्ट

आजचा विषय जरा आडवाटेचा आहे. इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटलं की आपल्याला जर्मनी आठवतो, फ्रान्स आठवतो. पोलंड आठवत नाही. पण मला आज जो प्रश्न मांडायचा आहे, तो पोलंडमध्येच सर्वांत टोकदार होतो. ज्या देशात शब्दांवर पहारा असतो, तिथे शब्द नसलेलं संगीत नेमकं काय करतं? ते प्रतिकार करतं, की पळवाट देतं?

सुरुवात १९५६ पासून करू. त्याआधीची काही वर्षं पोलंडमध्ये ‘समाजवादी वास्तववाद’ ही सक्तीची सौंदर्यदृष्टी होती. जे संगीत सहज गुणगुणता येत नाही, ते ‘आकारवादी’ म्हणून बदनाम व्हायचं. तत्त्वज्ञानातही तेच. हुसर्लचे शिष्य रोमान इनगार्डेन यांना ‘चिद्‌वादी’ ठरवून अध्यापनापासून दूर ठेवलं गेलं. १९५६ च्या राजकीय सैलावणीनंतर ते विद्यापीठात परतले. त्याच वर्षी ‘वॉर्सा शरद’ हा आधुनिक संगीताचा महोत्सव सुरू झाला, आणि १९५७ मध्ये संगीतशास्त्रज्ञ युझेफ पात्कोव्स्की यांनी पोलिश रेडिओत ‘प्रायोगिक स्टुडिओ’ उभा केला.

आता गंमत बघा. हा स्टुडिओ बंडखोरांनी तळघरात काढलेला नव्हता, तो सरकारी रेडिओचा होता. पगार सरकारचा, वीज सरकारची. तिथे सुरुवातीला सिंथेसायझर नव्हतेच. टेपरेकॉर्डर, कंपनं निर्माण करणारी जनरेटर यंत्रं आणि फिल्टर, एवढ्यावर काम चालायचं. व्वोजिमेश कोतोन्स्की यांनी १९५९ मध्ये काय केलं? झांजेवरचा एकच आघात ध्वनिमुद्रित केला. तो गाळला, त्याचे तुकडे केले, वेग बदलले, पुन्हा जोडले. तीन मिनिटांहूनही छोटी रचना, आणि सगळी त्या एका आघातातून निघालेली. १९६२ मध्ये वास्तुकार ऑस्कर हान्सेन यांनी स्टुडिओसाठी ‘काळी खोली’ आखली. भिंतींवरचे फलक हलवून खोलीचा घुमारा कमी-जास्त करता यायचा. एउगेनिउश रुद्निक आणि बोहदान माझुरेक हे तिथले तंत्रज्ञ. दुसऱ्यांच्या रचना तयार करून देता देता ते स्वतःच रचनाकार झाले.

इथे इनगार्डेन आपल्या कामाला येतात. त्यांचं म्हणणं असं, की संगीतकृती म्हणजे स्वरलिपी नव्हे आणि एखादी मैफलही नव्हे. स्वरलिपी हा आराखडा असतो. त्यात रिकाम्या जागा असतात, त्या वादक भरतो. ॲनलॉग सिंथेसायझर हे सगळंच अवघड करून टाकतो. या यंत्रात विजेचा दाब वाढला की स्वर चढतो, फिल्टर उघडला की स्वराचा रंग उजळतो. १९७० च्या मिनीमूगमध्ये तीन ऑसिलेटर असतात, पण एका वेळी स्वर एकच वाजतो. यंत्राला स्मरण नाही. बटणं काल कुठे होती, ते तुम्हीच लक्षात ठेवायचं. आणि खोली तापली की स्वर सरकतो! तोच ध्वनी उद्या जसाच्या तसा मिळेल याची खात्री नाही. मग कृती कुठे उरली? ध्वनिमुद्रणात. आराखडा आणि प्रयोग यांतलं अंतरच नाहीसं झालं.

सत्तरच्या दशकात हे यंत्र रेडिओच्या खोलीतून रॉक वादकांकडे आलं. ते सोपं नव्हतं. वाद्यं पश्चिमेची, किंमत डॉलरमध्ये, आणि पोलिश झ्वोतीला देशाबाहेर मोल नव्हतं. तरी सायलेसियाच्या कोळसापट्ट्यातले युझेफ स्क्षेक यांनी ‘एसबीबी’ या त्रयीत मिनीमूगला प्रमुख आवाज दिला. चेस्वाव निएमेन हे १९६७ पासून देशभर गाजलेले गायक, म्हणजे ज्यांचा गळा हीच ज्यांची ओळख. त्यांनी १९७६ च्या ‘कातार्सिस’मध्ये स्वतः सिंथेसायझर हाती घेऊन मुख्यतः ध्वनींचाच अवकाश उभा केला. गाण्यासाठी ओळखला जाणारा माणूस शब्द बाजूला ठेवतो, ही मला लक्षणीय गोष्ट वाटते.

पाश्चात्त्य जगात ‘ॲम्बिअंट’ हे नाव ब्रायन ईनोमुळे १९७८ पासून रुजलं. पोलंडने मात्र स्वतःचा शब्द घडवला : ‘एल-मुझिका’. रेडिओच्या तिसऱ्या कार्यक्रमवाहिनीवर येझी कोर्दोविच हे संगीत ऐकवत. लोक रेडिओवरून कॅसेट भरून घेत. दुकानात न मिळणारं संगीत असं घरोघरी पोचलं.

मग १३ डिसेंबर १९८१. लष्करी कायदा लागू झाला. सॉलिडॅरिटी संघटनेचे हजारो कार्यकर्ते स्थानबद्ध झाले. पुढच्या वर्षी अनेक नटनट्यांनी सरकारी रेडिओ-टीव्हीवर बहिष्कार टाकला. चेहरा दाखवणं म्हणजे संमती देणं, अशी त्यांची भूमिका होती. जुलै १९८३ मध्ये लष्करी कायदा उठला. त्याच वर्षी मारेक बिलिन्स्की यांचा ‘पहाटेच्या राजाची बाग’ अशा अर्थाच्या नावाचा अल्बम आला. त्याच वर्षी पश्चिम जर्मनीहून क्लाउस शुल्झे आले. त्या दौऱ्याच्या अल्बमच्या नावात त्यांनी पोलिश शब्द घातला : ‘जेंकुयें’, म्हणजे धन्यवाद. डिसेंबरात ‘टँजेरिन ड्रीम’ने वॉर्साच्या तोर्वार सभागृहात वादन केलं आणि त्या ध्वनिमुद्रिकेचं नावच ‘पोलंड’ ठेवलं.

आता मूळ प्रश्न. सेन्सॉर शब्द वाचतो, त्याला फिल्टरचा आवाज वाचता येत नाही. म्हणून काही जण म्हणतात, हे संगीत म्हणजे छुपा प्रतिकार होता. मला हे फार सोपं उत्तर वाटतं. जे सेन्सॉरला टोचत नाही, ते सत्तेला सोयीचंही असू शकतं. ‘बघा, सगळं सुरळीत आहे, परदेशी कलावंत येताहेत,’ असं सरकार म्हणू शकत होतं. नटांच्या बहिष्काराशेजारी हे संगीत ठेवलं, की ही अडचण झाकता येत नाही.

पण मग ती निव्वळ पळवाट होती का? तेही नाही. प्रतिकार म्हणजे ‘नाही’ म्हणणं. ‘नाही’ला शब्द लागतो, चेहरा लागतो. ते काम नटांनी केलं, कामगारांनी केलं, किंमत मोजून केलं. त्याचं श्रेय सिंथेसायझरला देणं अन्यायाचं होईल. संगीताने वेगळं काम केलं. जिथे प्रत्येक वाक्य एक तर सरकारी, नाहीतर सरकारविरोधी असतं, तिथे माणसाचं मन सतत उत्तर देण्यातच गुंतून राहतं. वीस मिनिटं सावकाश बदलत जाणारा एक ध्वनी त्याच्याकडे काहीच मागत नाही, ना होकार ना नकार. तेवढा वेळ त्याचं लक्ष त्याचं स्वतःचं असतं. हे स्वातंत्र्य नव्हे, पण स्वातंत्र्य मिळाल्यावर ते वापरायला जे मन लागतं, ते अशा वेळी शाबूत राहतं. एवढंच मी म्हणेन, याहून मोठा दावा करणार नाही.

पोलंडमधलं सेन्सॉर कार्यालय १९९० मध्ये बंद झालं. त्यानंतर काही वर्षांनी, २००४ मध्ये, प्रायोगिक स्टुडिओही बंद पडला. म्हणजे ज्या सरकारी आश्रयाबद्दल आपण साशंक होतो, तो गेल्यावर प्रयोगाची जागाही टिकली नाही. स्वातंत्र्य आल्यावर कलेला कोण पोसणार, हा प्रश्न उरतोच. तो एकट्या पोलंडचा नाही.

ऐकायचं असेल तर आधी कोतोन्स्की ऐका, मग ‘कातार्सिस’, मग बिलिन्स्की. दिवे मंद करायची गरज नाही, फक्त मधे उठू नका. आता तुमचे प्रश्न घेऊ.