पानं किती, माणसं किती

घरी खेळायला मंडळी यायची असली की मी आधी डोकी मोजते, मग कपाट उघडते. तिघं असली तर पाच-तीन-दोन, चौघं असली तर मेंढीकोट, आणि वाढली तर दोन कॅट एकत्र पिसून झब्बू. घरगुती पत्त्यांचा आपल्याकडचा इतिहास मला या मोजणीतच सापडतो. कुठला खेळ टिकला आणि कुठला गेला, हे राजेरजवाड्यांपेक्षा ओटीवर बसणाऱ्यांच्या संख्येनं जास्त ठरवलं, असं माझं मत आहे.

माझं माहेर सावंतवाडीजवळचं. आजोबांकडे दशावतारी गंजिफांची एक पेटी होती, सरकत्या झाकणाची. झाकणावर वेलबुट्टी, आत गोल पानं. हात धुतल्याशिवाय तिला शिवायचं नाही आणि पैसे लावून दशावतार खेळायचा नाही, हे दोन्ही नियम आजोबांचे. पहिला मला पटायचा, कारण पानांवर खरोखरच बोटांचे डाग पडत. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे, वर खळीतच कालवलेल्या खडूच्या पुडीचा लेप द्यायचा, दगडानं घोटून गुळगुळीत करायचं, मग रंग आणि शेवटी लाख. एवढी मेहनत सांडलेल्या चहानं वाया गेली असती.

हा खेळ आपल्याकडे आला तो दरबारातून. बाबरानं १५२७ साली सिंधच्या शाह हसनला त्याच्या मागणीवरून गंजिफा पाठवल्या, ही नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अकबराच्या काळी अबुल फजलनं ‘आइन-ए-अकबरी’त पानांचं सविस्तर वर्णन केलं. मोगली गंजिफा आठ रंगांची, ९६ पानांची. आपल्या लोकांनी ती दशावतारांवर बेतली: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, म्हणजे एकूण १२० पानं. तिघांत वाटली की वाट्याला चाळीस येतात. सावंतवाडीच्या चितारी घराण्यांनी ही पानं पिढ्यानपिढ्या रंगवली.

चाळीस गोल पानं हातात धरणं म्हणजे काय, ते धरल्याशिवाय कळत नाही. त्यांचा पंखा नीट होत नाही, मधली घसरतात. पिसायचीही सोय नाही. चादरीवर उपडा ढीग घालायचा आणि दोन्ही तळव्यांनी कालवायचा. पानांवर आकडे नसतात. मासे मोजायचे, कासवं मोजायची, परशू मोजायचे. सरावलेला माणूस मात्र मोजत बसत नाही, पानाच्या जमिनीचा रंग कडेला दिसला तरी त्याला अवतार कळतो. त्यात गोम अशी की निम्म्या रंगांत दहा मोठं आणि निम्म्यांत एक मोठा. हुकूम नसतोच. आपलं पान चालेल की मरेल, हे बाहेर काय पडून गेलंय ते आठवत असेल तरच सांगता येतं.

मला सगळ्यांत आवडतो तो उतारीचा नियम. दिवसा ज्याच्याकडे राम, त्यानं सुरुवात करायची. रात्री ज्याच्याकडे कृष्ण, त्यानं. दिवेलागणीनं नियम बदलणारा दुसरा पत्त्यांचा खेळ मला माहीत नाही.

पण घर भरलेलं असताना हा खेळ कुणाच्या कामाचा? तिघं बसणार, बाकीचे बघणार. पोरांना बसवायचं नाही, कारण त्यांना लक्षात राहत नाही. बायका स्वयंपाकघरात, त्यांना सलग दोन तास कोण देतंय? एकोणिसाव्या शतकात इंग्लंडहून आणि बेल्जियममधल्या टुर्नहाउटहून छापील बावन्न पानं इथे येऊ लागली. ती स्वस्त होती, खिशात मावत होती, आणि मुख्य म्हणजे कितीही माणसांना पुरत होती. तिघं असली तर लहान पानं काढून तीस ठेवायची, की दहा-दहा पानं वाट्याला आली. चौघं असली तर समोरासमोर भिडू, तेरा-तेरा पानं आणि चार दश्श्यांसाठी मारामारी. पाच वर्षांचं पोरसुद्धा बदामसातमध्ये खपून जातं. चिताऱ्यांनी काळ ओळखला. त्यांनी गोल पानांवरच बदाम, इस्पिक, किलवर, चौकट रंगवून पाहिले. त्या पानांनीही छापखान्यापुढे तग धरला नाही.

सरकारचंही घरातल्या पत्त्यांकडे लक्ष होतं. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यानं जुगाराच्या अड्ड्याची व्याख्या करताना जागेच्या मालकाचा फायदा पाहिला. त्या हिशेबानं आमचं घर कायम निर्दोष. गणपतीत भजन आटपलं की काळ्या वाटाण्यांची उसळ आणि पाव आमच्याच खर्चानं, आणि मग पहाटेपर्यंत गॅसबत्तीखाली तीन-चार डाव एका वेळी. माझी आत्या मेंढीकोटात पुरुषांच्या तोंडचं पाणी पळवायची. गुण काडेपेटीच्या काड्यांनी. हिशेबावरून भांडण झालं की आत्या एकच वाक्य म्हणे, “टाकलला पान परत घेवचा नाय.” याच रात्री बायकांना पत्त्यांची मुभा असे, एरवी ‘कामं नाहीत का’ हे ऐकावं लागे. गंजिफेच्या चादरीवर मात्र मी घरातली एकही बाई बसलेली पाहिली नाही.

गंजिफा पुरती संपली नाही, याचं श्रेय सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांना. पुंडलिक चितारी हे जुन्या कारागिरांपैकी उरलेले वृद्ध गृहस्थ, त्यांच्याकडून सत्त्वशीलादेवी स्वतः ही कला शिकल्या आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यात रंगकाम पुन्हा सुरू झालं. मुंबईत राहिलेले जर्मन कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी देशभरातल्या गंजिफा जमवल्या आणि त्यांच्यावर लिहिलं. आज दरबार हॉलमध्ये गेलात तर कलाकार मांडी घालून बारीक कुंचल्यानं पानं रंगवताना दिसतात.

गिऱ्हाईक बहुतेक पर्यटक. ते दहा राजे घेतात आणि चौकटीत बसवतात. खालची पानं, म्हणजे ज्यांच्यावर खरा खेळ चालतो ती दुर्री-तिर्री, मागणारा विरळा. मी पूर्ण संच मागितला तेव्हा पानं रंगवणाऱ्या मुलीनं मान वर करून विचारलं, “खेळता की काय?” भाचा आणि मी, असं सांगितलं. तिसरं कोण, हे तिनंच पुढे विचारलं. आमच्या सुनेला नियम समजावून झालेत, फक्त कुठल्या पाच रंगांत एक मोठा, हे तिनं कागदावर लिहून समोर ठेवायची अट घातलीय. आजोबांना ती चालली नसती. मी मान्य केली.