१९७७ चा उन्हाळा आणि तीन पडलेले चित्रपट

आपल्या गोव्यात जून उजाडला की छत्र्या बाहेर येतात. अमेरिकेत मात्र तेव्हा कुठे उन्हाळा सुरू होतो. मेअखेरीच्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या लेबर डेपर्यंतचा हा काळ हॉलिवूडच्या सुगीचा. पण तो पूर्वी तसा नव्हता, हे ऐकून आश्चर्य वाटेल. एकेकाळी उकाड्यामुळे तिथली थिएटरे उन्हाळ्यात ओस पडत, कित्येक तर बंदच ठेवत. १९२५ साली न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात कॅरियरची वातानुकूलन यंत्रणा बसली आणि लोक गारव्यासाठी तिकीट काढू लागले. तरीही मोठ्या चित्रपटांचा हंगाम म्हणून उन्हाळ्याला मान मिळाला तो २० जून १९७५ नंतर. त्या दिवशी स्टीव्हन स्पिलबर्गचा 'जॉज' टीव्हीवरच्या जोरदार जाहिरातींसह एकाच वेळी चारशेहून अधिक थिएटरांत लागला.

दोन वर्षांनी, २५ मे १९७७ रोजी, जॉर्ज लुकासचा 'स्टार वॉर्स' आला. सुरुवातीला जेमतेम तीसएक थिएटरे, खर्च सुमारे १ कोटी १० लाख डॉलर. पुढची कथा सगळ्यांना ठाऊक आहे. मला सांगायचे आहे ते त्याच उन्हाळ्यात आपटलेल्या तीन चित्रपटांविषयी. जूनच्या एका आठवड्यात ते पाठोपाठ आले. तिघांचेही दिग्दर्शक नावाजलेले होते आणि तिघांनीही निराशा केली. पण निराशा निराशेत फरक असतो!

पहिला १७ जूनचा 'एक्झॉर्सिस्ट २ : द हेरेटिक'. १९७३ च्या गाजलेल्या भयपटाचा हा पुढचा भाग. दिग्दर्शक जॉन बूरमन, सोबत रिचर्ड बर्टन. पहिल्या दिवसांत गर्दी उसळली, पण भीतीच्या प्रसंगांना प्रेक्षक चक्क हसू लागले. बूरमनने घाईघाईने चित्रपट कापून पुन्हा जोडला, तरी उपयोग झाला नाही. गंमत म्हणजे पैशांच्या हिशेबात हा चित्रपट बुडाला नाही. बुडाली ती पत.

दुसरा २१ जूनचा 'न्यूयॉर्क, न्यूयॉर्क'. आदल्याच वर्षी 'टॅक्सी ड्रायव्हर'साठी कान महोत्सवाचा सर्वोच्च सन्मान मिळवलेला मार्टिन स्कोर्सेसी, लायझा मिनेली आणि रॉबर्ट डी नीरो. जुन्या हॉलिवूडसारखे रंगवलेले खोटे देखावे आणि त्यांत खऱ्याखुऱ्या, बोचणाऱ्या संसाराची कथा. संगीतपट पाहायला आलेल्यांना ती भांडणे सोसवेनात. गल्ला जमला नाही आणि स्कोर्सेसी मनाने पार खचला. त्यातून तो सावरला १९८० च्या 'रेजिंग बुल'ने. पण शीर्षकगीत पाहा! जॉन कँडर आणि फ्रेड एब यांची ही रचना फ्रँक सिनात्राने गायिली आणि ती त्या शहराचीच होऊन बसली. यँकी स्टेडियमवर यँकीज सामना जिंकले की तीच वाजते. ती मुळात एका पडलेल्या चित्रपटातली आहे, हे तिथल्या कितीजणांना आठवत असेल?

तिसरा २४ जूनचा 'सॉर्सरर', आणि माझा जीव खरा गुंततो तो याच्यात. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन म्हणजे 'द फ्रेंच कनेक्शन' आणि पहिला 'एक्झॉर्सिस्ट' करणारा. जॉर्ज आर्नोच्या ज्या कादंबरीवर फ्रान्समध्ये क्लूझोने १९५३ साली चित्रपट केला होता, तिच्यावरच हा बेतलेला. देशोधडीला लागलेली चार माणसे गळू लागलेला स्फोटकांचा साठा दोन ट्रकांतून जंगलापार नेतात, एवढीच कथा. झुलत्या पुलावरून मुसळधार पावसात ट्रक नेण्याचा प्रसंग तर श्वास रोखायला लावतो. तो पूल डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये बांधला, तर नदीच आटली! मग मेक्सिकोत पुन्हा बांधावा लागला. असे करत खर्च सुमारे २ कोटी २० लाख डॉलरवर गेला, म्हणजे 'स्टार वॉर्स'च्या दुप्पट. अमेरिकेत पुरते ६० लाखही परत आले नाहीत.

कारणे अनेक. नावाचा अर्थ जादूगार, तेही 'एक्झॉर्सिस्ट'वाल्याचा चित्रपट, तेव्हा लोक भुताखेतांच्या अपेक्षेने आले. सुरुवातीचा बराच भाग परभाषांत होता. नायकांपैकी एकही सज्जन नव्हता. आणि त्यातला मुख्य नट रॉय शायडर हाच 'जॉज'चाही नायक! ज्या चित्रपटाने उन्हाळी हंगाम घडवला त्याचा नायक त्याच हंगामात बुडाला. हॉलिवूडच्या चायनीज थिएटरात आधीच्या करारामुळे 'स्टार वॉर्स' उतरवून 'सॉर्सरर' लावावा लागला होता. ऑगस्ट उजाडताच 'स्टार वॉर्स' वाजतगाजत तिथे परतला.

आपल्याकडे देवळाच्या उत्सवातले नाटक एका रात्रीत उभे राहते किंवा पडते. पण पुढच्या वर्षी ते पुन्हा करून पाहता येते. पहिल्या दोन आठवड्यांच्या गल्ल्यावर भवितव्य ठरवणाऱ्या हंगामात तशी दुसरी रात्र नसते. १९७७ नंतर स्टुडिओंनी धडा घेतला तो असा, की दिग्दर्शकाच्या हट्टापायी एवढा पैसा लावायचा नाही. त्यात वायफळ खर्च थांबला हे खरे, पण मोठ्यांसाठी केलेला, अंधारा, धाडसी चित्रपट हळूहळू कडेला गेला. खरे नुकसान तिथे झाले असे मला वाटते.

सरकारी कचेरीत एखाद्या कागदावर 'दफ्तरी दाखल' असा शेरा पडला की तो बहुधा पुन्हा वर येत नाही. पण कोणी चिकाटीने पाठपुरावा केला तर येतोही. फ्रीडकिनने तेच केले. हक्कांसाठी स्टुडिओंशी न्यायालयात भांडला, चित्रपटाची नवी प्रत तयार करून घेतली, आणि २०१३ साली व्हेनिस महोत्सवात ती दाखवली गेली. त्याच महोत्सवात त्याला जीवनगौरवाचा सुवर्णसिंह मिळाला. २०२३ मध्ये तो गेला तेव्हा 'सॉर्सरर'चे नाव त्याच्या उत्तम चित्रपटांत घेतले जात होते.

मात्र काळ सगळ्यांनाच न्याय देतो अशी भाबडी समजूतही नको. 'एक्झॉर्सिस्ट २' तेव्हाही फसलेला होता आणि आजही बहुतेकांना फसलेलाच वाटतो. तिकीटबारी कधी चुकते, कधी बरोबर असते. ते ठरवायला चित्रपट स्वतः पाहावा लागतो, दुसऱ्याचा शेरा वाचून भागत नाही. तेव्हा मंडळी, यंदाच्या पडलेल्या चित्रपटांपैकी एखादा जरूर पाहा. दहांतले नऊ वाया जातील. दहाव्यासाठी तेवढे सोसायला हरकत नाही.