ट्रॅक्टरची घडीव अवजारे (भिगवण परिसर)

ट्रॅक्टरची घडीव अवजारे : मोडीत निघालेल्या वाहनांच्या व यंत्रांच्या उपयुक्त भागांपासून शेतकऱ्यांनी किंवा गावच्या कारागिरांनी घडविलेली, ट्रॅक्टरला जोडून चालविण्याची अवजारे. पुणे जिल्ह्यातील इंदापूर व बारामती या तालुक्यांत, विशेषतः पुणे-सोलापूर हमरस्त्यावरील भिगवणच्या आसमंतात, या कारागिरीला लागणारी गरज आणि सामग्री या दोन्ही गोष्टी एकाच मुलखात सापडतात. 1885 च्या सुमारास सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने येथे ऊस आणला, 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या फुगवट्याने भीमाकाठच्या शिवाराला पाणी दिले, आणि साखर कारखाने, वालचंदनगरचा यंत्रनिर्मितीचा उद्योग व हमरस्त्यावरील मालमोटारींची अखंड वर्दळ यांच्यामुळे वेल्डिंग व लेथचे काम जाणणारे हात आणि भंगाराचे ढीग या दोहोंची येथे वाण पडली नाही.

अशी अवजारे घडविण्याचे कारण केवळ काटकसर आहे, असे मानणे अपुरे ठरेल. उसाच्या दोन सऱ्यांतील अंतर कोणी तीन फूट ठेवतो, कोणी साडेचार, तर कोणी पाच. ट्रॅक्टरच्या चाकांतील अंतरही निरनिराळे. त्यामुळे बाजारातून आणलेले रिजर किंवा मोगडा जसाच्या तसा प्रत्येक शिवारात बसत नाही. लागणीच्या उसाची बाळबांधणी व मोठी बांधणी, खोडव्याच्या बगला फोडणे, पाचट सरीत दाबणे यांपैकी प्रत्येक काम फाळाचा निराळा कोन व निराळी रुंदी मागते. अतिपाण्याने चोपण झालेल्या जमिनीत खालचा कठीण थर फोडण्यासाठी जाड पट्टीचा एकदाती सबसॉयलर लागतो. तर उजनीचे पाणी उन्हाळ्यात मागे सरू लागले, की काठावरच्या मोटारी व पाइप पाण्यामागे पुढे न्यावे लागतात, आणि त्यासाठी ट्रॅक्टरच्या मागे बसविलेली चेनब्लॉकची घोडी उपयोगी पडते.

घडणीचा प्रारंभ जोडणीच्या मापापासून होतो. हॅरी फर्ग्युसनने रूढ केलेल्या त्रिबिंदू जोडणीत खालचे दोन हात व वरचा टॉपलिंक असतो. लहान वर्गाच्या जोडणीत खालच्या पिनेचा व्यास 22 मिमी. व दोन पिनांमधील अंतर 683 मिमी., तर त्याहून मोठ्या वर्गात हीच मापे 28 मिमी. व 825 मिमी. असतात. ही मापे चुकली तर अवजार उचलताना तिरपे होते आणि हायड्रॉलिकवर विषम भार येतो. म्हणून जाणता कारागीर आधी चॅनेलची चौकट साधतो आणि मगच फाळाकडे वळतो.

फाळासाठी मालमोटारीच्या कमानपाट्यासारखे दुसरे उत्तम भंगार नाही. त्याच्या पोलादात कार्बनचे प्रमाण साधारण अर्धा टक्का व त्याहून किंचित अधिक असते, आणि सिलिकॉन व मँगनीज यांच्या योगाने ते वाकून पुन्हा सरळ होते. परंतु हाच गुण वेल्डिंगच्या वेळी दोष ठरतो : सांध्यालगतचा भाग एकदम थंड झाल्याने ठिसूळ बनतो आणि पहिल्या दगडालाच तडकतो. पाटा लाल करून ठोकावा, तेलात विझवावा, आणि पुन्हा मंद आचेवर त्याचा कडकपणा उतरवावा, ही लोहाराची परंपरागत रीत येथे यंत्रयुगातही लागू पडते. पाट्याला वेल्डिंग न करता तो चौकटीला बोल्टने आवळणे हे त्याहून शहाणपणाचे, कारण झिजलेला पाटा मग पाच मिनिटांत बदलता येतो.

डाळिंबाच्या बागेसाठी खड्डे घेणारे यंत्र ही या कारागिरीची सर्वांत बुद्धिमान निर्मिती होय. जुन्या जीपचा डिफरेन्शियल उभा धरून ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.शी (अवजाराला फिरती गती देणाऱ्या दांड्याशी) जोडला, की मिनिटाला 540 फेऱ्यांची गती काटकोनात वळते आणि दात्यांचे प्रमाण पाचास एक असल्यास सुमारे 108 फेऱ्यांवर येते. मात्र आतले लहान दाते वेल्ड करून जखडले नाहीत आणि नुसता एक आस अडवून ठेवला, तर दुसरा आस दुप्पट, म्हणजे 216 फेऱ्यांनी फिरतो, आणि ती गती खड्ड्याला अति होते. शिवाय आडवे बसण्यासाठी केलेल्या पेटीतील तेल उभ्या स्थितीत वरच्या बेअरिंगपर्यंत पोहोचत नाही. त्याची तजवीज आधीच करावी लागते.

निरुपयोगी लोखंडाला शेतीच्या कामी लावण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. 1903 साली लोखंडी नांगर तयार करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली, आणि पुढे पहिल्या महायुद्धात कच्च्या लोखंडाची टंचाई पडली तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी आपल्या जुन्या तोफा त्यांना नांगरासाठी दिल्या. तोफेचा नांगर झाला, ही घटना या नोंदीच्या विषयाचा सर्वांत उदात्त दाखला मानावयास हरकत नाही.

अवजारांसाठी लागणारे भंगार रीतसर लिलावातून अथवा पावतीनिशी घेणे इष्ट असते. रेल्वेच्या रुळांचे तुकडे व फिशप्लेट कितीही मोहक वाटल्या, तरी विनापरवाना त्या बाळगणे 1966 च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे पी.टी.ओ.च्या दांड्यावरील संरक्षक नळकांडे. घरगुती बनावटीत तेच प्रथम गळते, आणि फिरत्या दांड्यात धोतराचा सोगा वा उपरणे गुंतल्यास माणूस क्षणार्धात ओढला जातो. दांड्याच्या जोडात कमी कसाचा एक बोल्ट मुद्दाम ठेवावा. दगड वा मूळ अडकल्यास तो तुटतो आणि पेटी, आस व ट्रॅक्टर वाचतो. असे दोन-चार बोल्ट बांधावर जाताना जवळ ठेवावेत, आणि तुटलेल्याच्या जागी हाताशी असलेला कठीण बोल्ट कधीही बसवू नये.