भिंतीवरचा कागद : एका हौसेचा इतिहास

घराची भिंत ही आपल्या रोजच्या पाहण्यातील गोष्ट. तिला चुना द्यावा, रंग लावावा, सणासुदीला ती पुन्हा उजळावी, यापलीकडे आपण तिचा फारसा विचार करीत नाही. परंतु भिंत सजविण्याच्या हौसेलाही इतिहास आहे. त्यात कर आहे, दंगल आहे आणि लहान मुलांचे मृत्यूही आहेत. म्हणूनच तो विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या आईवडिलांनीही जाणून घेण्यासारखा आहे.

युरोपातील थंड देशांत श्रीमंत लोक भिंतींवर विणलेले जाड पडदे टांगीत. ते इतरांना परवडत नसत. अशांसाठी लाकडी ठशांनी छापलेला कागद पुढे आला. इंग्लंडमधील केंब्रिज येथे क्राइस्ट्स कॉलेजात १९११ साली असा एक कागद सापडला. तो १५०९ च्या सुमाराचा असून वापरलेल्या छापील कागदांच्या कोऱ्या पाठीवर छापलेला आहे. राजवाड्याची नक्कल रद्दीवर करावी, अशी ही सुरुवात!

हौस वाढली तशी सरकारची नजर तिकडे वळली. १७१२ साली इंग्लंडमध्ये रंगीत कागदावर चौरस यार्डास एक पेनी कर बसला. लोकांनी युक्ती काढली. साधा कागद आणून भिंतीवर चिकटवायचा आणि मग त्यावर नक्षी उठवून घ्यायची! पुढे १८०६ मध्ये कराचा खोटा शिक्का मारणाऱ्यास देहान्ताची शिक्षा ठरली. हा कर १८३६ साली उठला.

फ्रान्समधील हकिकत याहून गंभीर आहे. पॅरिसमध्ये रेव्हेयाँ नावाच्या कारखानदाराचा भिंतीच्या कागदाचा मोठा कारखाना होता. १७८३ मध्ये माँगोल्फिए बंधूंच्या ज्या बलूनमधून मेंढी, बदक आणि कोंबडा आकाशात गेले, ते बलून याच कारखान्याच्या साहाय्याने सजले होते. एप्रिल १७८९ मध्ये पाव अतिशय महाग झाला असता, पाव स्वस्त झाल्यास मजुरीही उतरविता येईल, अशा अर्थाचे काही तो बोलला. लोकांत बातमी पसरली ती मजुरी कापण्याची. २७ व २८ एप्रिलला दंगल उसळली, त्याचे घर व कारखाना लुटला गेला, सैन्याच्या गोळीबारात अनेक माणसे मेली. रेव्हेयाँने आश्रय घेतला तो बास्तिय किल्ल्यात. तोच किल्ला १४ जुलैला पॅरिसच्या जनतेने पाडाव केला, हे विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातून ठाऊकच आहे.

आता विषाची गोष्ट. १७७५ साली शेले या स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञाने तांबे आणि आर्सेनिक म्हणजे सोमल यांपासून एक सुंदर हिरवा रंग तयार केला. यंत्राने छपाई सुरू झाल्यावर कागद स्वस्त झाला आणि हा हिरवा रंग घरोघरी, मुलांच्या खोल्यांतही पोहोचला. कागद चिकटविण्यास पिठाची खळ वापरीत. भिंतीला ओल आली की त्या खळीवर बुरशी धरे; कागद जुना झाला की रंगाची भुकटी हवेत उडे. १८३९ मध्येच ग्मेलिन या जर्मन शास्त्रज्ञाने अशा ओलसर खोल्यांबाबत धोक्याची सूचना दिली होती. १८६२ साली लंडनच्या लाइमहाउस भागात एकाच घरातील चार मुले एकामागून एक दगावली. प्रथम घटसर्पाचा संशय आला. नंतर लक्ष गेले ते खोलीतील हिरव्या कागदाकडे.

तरीही पुष्कळांना हे पटेना. प्रसिद्ध नक्षीकार विल्यम मॉरिस हे एके काळी आर्सेनिक काढणाऱ्या खाण कंपनीचे संचालक होते. त्यांना ही भीती अवास्तव वाटे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात मात्र केड्झी नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने १८७४ साली विषारी कागदांचे खरे नमुनेच बांधून एका पुस्तकाच्या १०० प्रती काढल्या आणि त्या राज्यातील ग्रंथालयांना धाडल्या. लोकांनी आपल्या घरातील कागद ताडून पाहावा, हा हेतू. शिक्षकाने लोकशिक्षण करावे ते असे!

लक्षात घ्या, ब्रिटनमध्ये असा कागद बंद करणारा कायदा कधीच झाला नाही. गिऱ्हाईक विचारू लागले, तेव्हा उत्पादक आपण होऊन ‘आर्सेनिकविरहित’ अशी जाहिरात करू लागले. जाणत्या गिऱ्हाइकाने जे केले, ते कायद्याने केले नव्हते.

आपल्याकडे पावसाळी ओलीमुळे भिंतीचा कागद फारसा रुजला नाही. पण रंग तर प्रत्येक घरात आहे. रंगातील शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी ठरली आणि ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. परंतु जुन्या भिंतींवरचे थर त्याआधीचे असू शकतात. म्हणून पालकांनो, जुना रंग कोरडा खरवडू नका, पाण्याने भिजवून काढा आणि त्या वेळी मुलांना खोलीबाहेर ठेवा. ओल आलेली भिंत नुसती झाकू नका, आधी ओलीचे कारण शोधा. नवा डबा घेताना त्यावर काय लिहिले आहे ते वाचा. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलीला किंवा मुलाला वाचायला सांगा. शिक्षणाचा उपयोग घराच्या चार भिंतींपासूनच सुरू होतो.